डीजेनं कोणाचं वाजवायचं?

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच, थोडी कापाकापी करून.)

अध्यक्ष महाराज, उपस्थित मान्यवर असली सुरुवात मला जमत नाही. मी गोदीत माल उतरवतो. मुकादमाच्या टोळीत, कंत्राटावर. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, तुमच्यातल्या काहींनी त्या ऐकल्यात, बाकीच्यांनी सोसल्यात. टर्नटेबलला मी आयुष्यात हात लावलेला नाही. तेव्हा डीजेनं काय वाजवावं यावर ह्या माणसाने बोलायचं म्हणजे भंकस, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात गैर काही नाही. पण मला इथं उभं केलंय ते एका भांडणापायी, आणि ते भांडण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या वस्तीतले दोन डीजे होते. नावं घेत नाही, दोघंही समोर बसलेत. पहिल्याने चार तास दुसऱ्यांची गाणी वाजवली. पब्लिक घामाने चिंब. मग दुसऱ्याची पाळी आली. त्याने आपला ट्रॅक लावला. स्वतः केलेला, रात्री जागून, चुलतभावाच्या लॅपटॉपवर. त्यात लोकलच्या रुळांचा खडखडाट होता, हलगीचा एक तुकडा होता आणि खालून बेस येत होता. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. पोरं नाचायची थांबली. काहीजण चहाला सटकले. मंडळाचा एक कार्यकर्ता टेम्पोवर चढला आणि ओरडला, "अरे, गाणं लाव ना!" पोराने ट्रॅक बंद केला. त्याच्या तोंडाकडं मला बघवलं नाही.

भांडण रात्री झालं. पहिला म्हणाला, "लोक नाचायला येतात, तुझी प्रयोगशाळा बघायला नाही." दुसरा म्हणाला, "तू काय केलंस रे? दुसऱ्याच्या पंगतीत वाढपी झालास. स्वतःचं एक मिनिट तरी आहे का तुझ्याकडं?" गोष्ट कॉलर धरण्यापर्यंत गेली.

तर प्रश्न असा, की डीजेनं स्वतः घडवलेलं वाजवायचं की दुसऱ्यांनी घडवलेलं? हा प्रश्न फक्त आपल्याच गल्लीत पडलाय असं समजू नका. यंत्रावरचं संगीत वाजवणारे जगभर यावर एकमेकांची डोकी खातात. रात्रपाळीला जहाज धक्क्याला लागायची वाट बघत मी मोबाइलवर या गोष्टीच्या मागे लागलो. दोन महिने. जे हाती लागलं ते सांगतो, आणि मला काय वाटतं तेही सांगतो.

पहिल्यांदा त्या 'वाढपी' शिवीचा निकाल लावू.

मी रोज दुसऱ्याचा माल वाहतो. डाळ माझी नाही, खत माझं नाही, पोलादाची कॉइल माझ्या बापाची नाही. म्हणून मी काहीच काम करत नाही, असं माझ्या तोंडावर बोलायची कुणाची छाती आहे काय? जहाजाच्या पोटातून आधी काय काढायचं, कुठला थर हलवला तर वरचा अंगावर येईल, हे कळायला वर्षं जातात. न कळलेली माणसं दवाखान्यात जातात. वाहणं ही मेहनत आहे आणि त्यात अक्कल लागते.

डीजेचं तेच आहे. एक ट्रॅक बॉक्सवर चालू असतो, दुसरा तो एकट्याच्या हेडफोनमध्ये ऐकत असतो. दोघांची गती जुळवायची, पहिल्याचा बेस उतरवायचा, मग दुसऱ्याचा चढवायचा. नाचणाऱ्याच्या पायाला सांधा कळता कामा नये. आज मशीन गती आपोआप जुळवून देतं, हे खरं. पण या घटकेला, या गर्दीला, या उन्हात काय हवंय ते मशीन सांगत नाही. हजार ट्रॅकमधले तीस निवडायचे आणि नऊशे सत्तर बाजूला ठेवायचे, हे काम कानाचं आणि डोळ्याचं आहे. तेव्हा दुसऱ्याचं वाजवणं ही चोरी नाही. ज्याने फक्त दुसऱ्याचंच वाजवलं आणि ते नीट वाजवलं तो पुरा डीजे आहे. अर्धा नाही.

पण मग स्वतःचं येतं कुठून? त्यासाठी तुम्हाला एका गोदामात नेतो. गोदाम म्हटलं की मला आपलं वाटतं.

अमेरिकेत शिकागो शहरात १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाने साउथ जेफर्सन स्ट्रीटवर नाचायची एक जागा काढली. तिचं नाव 'द वेअरहाऊस'. म्हणजे गोदामच. तिथं वाजवायला न्यूयॉर्कहून बावीस वर्षांचा एक काळा पोरगा आला, फ्रँकी नकल्स. नाचायला येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यातले पुष्कळ समलिंगी. गोऱ्यांच्या दारात रंगामुळे अडवलेले आणि आपल्याच माणसांच्या दारात प्रेमामुळे अडवलेले. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी उजाडल्यावरही चालायचा. तिथं वाजायचं त्या संगीताबद्दल लोक रेकॉर्डच्या दुकानात विचारायला लागले, आणि 'वेअरहाऊस'चं शेपूट तोडून 'हाऊस' हे नाव पडलं, असं सांगतात. आज जगभर ज्याला हाऊस म्हणतात त्याच्या नावात एक गोदाम आहे. २०२३ साली शिकागो शहराने ती इमारत ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केली.

आता ऐका. ह्या फ्रँकी नकल्सने तिथं सुरुवातीला वाजवलं काय? सगळं दुसऱ्यांचं. फिलाडेल्फियाचं सोल, न्यूयॉर्कचं डिस्को, युरोपातून आलेलं सिंथेसायझरचं संगीत. त्याला पुढे 'हाऊसचा गॉडफादर' म्हणाले. बाप म्हणून ज्याचं नाव लागलं तो आधी वाढपीच होता, हे त्या रात्री कॉलर धरणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मग आलं १९७९ साल. १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये एका रेडिओवाल्याने डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोट करून उडवण्याचा तमाशा केला. एक रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत जा. हजारोंनी लोक आले, स्फोटानंतर मैदानात घुसले, आणि दुसरा सामनाच झाला नाही. त्या दिवशी तिथं प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा एक काळा पोरगा होता, व्हिन्स लॉरेन्स. तो पुढे सांगायचा, की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डीत डिस्को नसलेल्याही पुष्कळ होत्या. फक्त त्या काळ्या कलावंतांच्या होत्या. म्हणजे राग कशावर होता ते समजा.

त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतला. धंदा आहे, वारा फिरला की शटर खाली. पण गोदामातली माणसं नाचायची थांबली नव्हती. त्यांना दर शनिवारी नवं पाहिजे होतं आणि नवा माल येईनासा झाला. गोदीत असं झालं तर आम्ही बिडी ओढत बसतो. नकल्सने काय केलं? जुन्याच गाण्यांची टेप घेतली, ब्लेडने कापली, जोडली. नाचायचा भाग लांबवला, बोलायचा भाग काढला. पुढे डेट्रॉइटच्या डेरिक मेकडून एक ड्रम मशीन विकत घेतलं आणि दुसऱ्यांच्या गाण्यांखाली आपला ठेका घातला. इथं दुसऱ्याचं कुठं संपलं आणि आपलं कुठं सुरू झालं, ते सांगा बघू. रेघ मारता येत नाही.

त्याच शिकागोत जेसी साँडर्स म्हणून डीजे होता. त्याच्याकडे एक रेकॉर्ड होती, 'ऑन अँड ऑन' नावाची. ती त्याची ओळख होती. ती रेकॉर्डही अशीच, इकडून तिकडून दुसऱ्यांचे तुकडे जोडून बनवलेली. एक दिवस त्याच्या रेकॉर्डी चोरीला गेल्या, त्यात तीही गेली. आता काय? त्याने ठरवलं, चोरीला गेली ना, मग पुन्हा बनवू. मदतीला कोण, तर तोच मैदानावर जागा दाखवणारा व्हिन्स लॉरेन्स. १९८४ साली त्यांनी ती यंत्रावर स्वतः बनवली आणि विकायला काढली. पहिली हाऊस रेकॉर्ड म्हणून आज तिचंच नाव घेतात.

या दोन गोष्टींतून मला जे कळलं ते असं, की स्वतःचं करायची हौस म्हणून ह्या पोरांनी केलं नाही. दुसऱ्यांचं वाजवता वाजवता एक जागा अशी आली, की पुढे वाजवायला काहीच नव्हतं. रेकॉर्ड आटली, रेकॉर्ड चोरीला गेली. तिथं त्यांनी आपलं केलं. म्हणून ते पायात बसलं. ज्याला दुसऱ्याचं कुठं अपुरं पडतं हे माहीत नाही, त्याचं स्वतःचं कशाला पाहिजे? आणि ज्याला अपुरं पडतंय हे दिसूनही तो तेच घासत बसतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्या दुसऱ्या पोराच्या दुखण्याकडं येतो. 'माझं वाजवलं आणि लोक चहाला गेले.'

नकल्स गोदाम सोडून गेल्यावर शिकागोत दुसरी एक जागा गाजली, 'म्युझिक बॉक्स'. तिथला डीजे रॉन हार्डी. हा माणूस कुठल्याही पोराने आणून दिलेली टेप ऐकायचा. डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांनी एका सेकंडहँड यंत्राशी खेळत एक लांबलचक ट्रॅक केला. ते यंत्र रोलंड कंपनीचं टीबी ३०३. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. पण त्यातला बेस खऱ्या बेससारखा वाजेना, म्हणून ते चाललं नाही आणि १९८४ पर्यंत बंदही झालं. ह्या पोरांनी त्याची बटणं पिरगाळली तेव्हा त्यातून असा चिरकणारा, बुडबुडणारा आवाज आला, की तसा कुणी ऐकला नव्हता. टेप घेऊन ते हार्डीकडे गेले. हार्डीने लावली. फ्लोअर रिकामा. लोक सरळ निघून गेले. आपल्या मिरवणुकीतल्यासारखंच!

हार्डीने काय केलं? बंद नाही केली. थोड्या वेळाने पुन्हा लावली. मग पुन्हा. त्या रात्री चार वेळा. चौथ्या वेळी लोक वेडे झाले. त्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा अख्खा प्रकार जन्माला आला.

म्हणजे ज्यांनी घडवलं त्यांच्यात घडवायची ताकद होती, पण चार वेळा वाजवायची ताकद वाजवणाऱ्याची होती. हार्डी दुसऱ्याचंच वाजवत होता. पण त्याच्या पाठीवर ती पेटी नसती, तर ती टेप कुणाच्या तरी खणात पडून राहिली असती.

खणात पडून राहणं काय असतं, त्याची गोष्ट मुंबईतली आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. जन्मभर दुसऱ्यांच्या चालींना साथ केली. १९८२ साली याच शहरात त्यांनी तेच टीबी ३०३ आणि त्याच कंपनीचं ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची रेकॉर्ड निघाली. शिकागोच्या पोरांनी बटणं पिरगाळायच्या कितीतरी आधी. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण आज ती रेकॉर्ड ऐकली की लोक थक्क होतात, इतकी ती पुढच्या अ‍ॅसिड हाऊससारखी लागते. मग झालं काय? काही नाही. फारशी खपली नाही. विसरली गेली. २०१० मध्ये परदेशातून ती पुन्हा काढली गेली, तेव्हा जगाला कळलं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना परदेशातल्या तरुण पोरांसमोर वाजवायची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

माल तयार होता. वाहणारा नव्हता. मुंबईत त्यांचं चार वेळा वाजवणारा एक रॉन हार्डी नव्हता. हे आठवलं की मला झोप लागत नाही. आपल्या वस्त्यांतल्या किती खणांत काय काय पडलं असेल!

आता दुसरी बाजू. हल्ली एक नवी अट निघालीय. मोठ्या कार्यक्रमवाल्यांकडे वाजवायला गेलं की पहिला प्रश्न, "तुझे स्वतःचे ट्रॅक किती?" नुसतं दुसऱ्यांचं वाजवणारा म्हणजे खालच्या पायरीचा. ऐकायला बरं वाटतं. पण ट्रॅक करायला लॅपटॉप लागतो, सॉफ्टवेअर लागतं, शेजारच्यांची झोप न मोडणारी खोली लागते. दहा बाय दहाच्या घरात सातजण झोपतात, तिथं बेस कुठं तपासायचा? ज्याच्या बापाने खोली दिली त्याचं 'स्वतःचं' आधी होतं. वर पैसेवाल्यांनी त्यातही पळवाट काढलीय. दुसऱ्याकडून ट्रॅक करून घ्यायचा, त्याला पैसे देऊन गप्प करायचं आणि वर आपलं नाव टाकायचं. हा धंदा जगभर उघडपणे चालतो. म्हणजे दुसऱ्याचं आपलं म्हणून वाजवणारा 'निर्माता', आणि दुसऱ्याचं दुसऱ्याचं म्हणून वाजवणारा वाढपी! साला, हा कुठला हिशोब?

म्हणून मी म्हणतो, डीजे होण्यासाठी ट्रॅक केलाच पाहिजे ही अट आपण मानायची नाही. तशीच, केलेला ट्रॅक लपवून ठेवायचा हेही मानायचं नाही.

आता खरं भांडण कुठं आहे ते सांगतो. ते नावात आहे आणि पैशात आहे.

आमच्याकडे पेटीवर मार्का असतो. कुणाची, कुठून आली, कुठं जाणार, नंबर किती. मार्का पुसला गेला तर पेटी शेडमध्ये पडून राहते. बेवारस म्हणून शेवटी लिलावात जाते. लिलावात कुणाचं ना कुणाचं भलं होतं, पण ज्याने पेटीतली वस्तू बनवली त्याचं नाही.

डीजेंच्या इतिहासात मार्का पुसायची खोड जुनी आहे. जमैकात साउंड सिस्टिमवाले रेकॉर्डवरची लेबलं खरवडून टाकायचे. कॉक्सन डॉडने एका अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याच्या रेकॉर्डचं लेबल काढून तिला आपलंच नाव दिलं, 'कॉक्सन हॉप'. का, तर शेजारच्या साउंडवाल्याने तीच आणून आपली गर्दी पळवू नये. त्याच जमैकात जन्मलेला कूल हर्क. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीत त्याने वाजवलं, आणि हिपहॉपचा जन्म लोक तिथून मोजतात. तोही लेबलं भिजवून काढायचा. मी त्यांना चोर म्हणत नाही. गरीब माणसाची ती एकच रेकॉर्ड म्हणजे त्याचं पोट. पोट लपवावं लागतं. पण लेबलाखाली जो दबला तोही बहुतेक वेळा गरीबच होता, हे विसरू नका.

ऐका. १९६९ साली 'द विन्स्टन्स' नावाच्या बँडने 'अमेन, ब्रदर' हे गाणं काढलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, भरती म्हणून. त्यात सहा-सात सेकंद फक्त ड्रम आहेत. ते वाजवले ग्रेगरी कोलमनने. त्या तुकड्यावर इंग्लंडात जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार उभे राहिले. हजारो लोकांनी तो कापला, पळवला, उलटा केला आणि 'माझं स्वतःचं' म्हणून वाजवला. कोलमनला त्यातून एक पैसा मिळाला नाही. २००६ साली तो मेला तेव्हा त्याला घर नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड दिले, ते कोलमनच्या मागाहून. आता मला सांगा, त्या हजारो ट्रॅकना 'स्वतःचे' म्हणायचं की 'दुसऱ्याचे'?

आणि ज्यांचं निखालस स्वतःचं होतं त्यांना तरी काय मिळालं? शिकागोच्या लॅरी हर्डने आणि गायक रॉबर्ट ओवेन्सने ऐंशीच्या दशकात जे केलं ते जगभर वाजलं. पैशासाठी आणि हक्कासाठी त्यांना २०२० साली रेकॉर्ड कंपनीवर खटला भरावा लागला. २०२२ मध्ये तडजोड होऊन त्यांच्याच गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले. पस्तीसेक वर्षांनी! आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणाला लिहून घेता येणार नाही म्हणून. चांगली झाली. पण कायदा टेम्पोवर चढत नाही. टेम्पोवर आपण चढतो.

मित्रांनो, इथं मला एक गोष्ट कबूल करायचीय. मी पंच म्हणून उभा आहे आणि फिर्यादीही आहे.

गेल्या वर्षी रात्रपाळी करून सकाळी वस्तीत शिरलो. खांदा सोलवटलेला. कोपऱ्यावर बॉक्स लावून तपासणी चालू होती. बेस आला आणि त्यावर एक आवाज, चार ओळी. मी जागीच थांबलो. ओळी माझ्या होत्या. मागे एका बैठकीत म्हटलेल्या, कुणीतरी मोबाइलवर घेतलेल्या. त्या ठेक्यावर अशा बसल्या होत्या, की माझ्या वहीत त्या कधी तशा उभ्या राहिल्या नाहीत. अंगावर काटा आला. बाजूच्या पोराला म्हटलं, "हे माझं आहे." तो हसला. म्हणाला, "हो का? मग ते वरचं आभाळ पण तुझंच असेल."

तो ट्रॅक आपल्या पहिल्या डीजेनं वाजवला होता. मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "अरे, ते तुझं होतं? मला वाटलं जुनं आहे, पूर्वीच्या कुणाचं तरी." आता यावर राग धरायचा की पेढे वाटायचे? मी दोन्ही केलं नाही. घरी गेलो. पण जळत होतो, हे खरं.

आणि तेव्हाच आठवलं, की मीही एकदा चाळीत दुसऱ्या एका कवीची कविता म्हटली होती. नाव घ्यायचं राहून गेलं. लोकांनी टाळ्या दिल्या, चहा दिला. मी चहा प्यालो. नाव तेव्हाही घेतलं नाही. म्हणजे मार्का पुसायला मोठी कंपनीच लागते असं नाही. एक कप चहा पुरतो.

आपल्या परंपरेत यावर तोड होती. अभंगात तुकोबा शेवटच्या चरणात आपलं नाव घालतात. आपल्या शाहिरांनी तेच केलं. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफायचे. गाणं कुणीही गावं, कुठंही गावं, खेड्यापाड्यात ज्याच्या हातात पेटी-ढोलकी असेल त्याने गावं. शेवटी नाव आपोआप घेतलं जायचं. वाहणाऱ्याला अडवायचं नाही आणि घडवणाऱ्याला पुसायचं नाही. याच्यापेक्षा हुशार मार्का जगात कुणी बनवला असेल असं मला वाटत नाही.

आणि डीजे काय करतो? ध्रुवपद घेतो. पहिल्या दोन ओळी घेतो. त्याच फिरवतो, कारण पाय त्याच्यावर पडतात. शेवटचं कडवं कापतो. कापलं काय गेलं? नावच गेलं! वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या ओळी आज पूर्वी कधी वाजल्या नसतील इतक्या मोठ्याने वाजतात, आणि पुढच्या पोराला विचारलं, "कुणाचं रे हे?" तर तो सांगतो, "डीजेचं."

म्हणून माझं म्हणणं असं.

एक. दुसऱ्याचं खुशाल वाजवा, जन्मभर वाजवा. पण नाव घ्या. प्रत्येक ट्रॅकला माइक हातात घ्यायची गरज नाही. टेम्पोला एक फळा टांगा, आज काय काय वाजणार आणि कुणाचं, ते खडूने लिहा. आणि दिवसातून एकदा तरी शेवटचं कडवं पुरं सोडा. पाय थांबले तर थांबू देत.

दोन. ज्या रात्री सुपारी घ्याल त्या रात्री वस्तीतल्या कुणाचं तरी न ऐकलेलं एक काम लावा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा लावा.

तीन. वस्तीतल्या कुणाचे शब्द, कुणाची हलगी, कुणाचा ट्रॅक घेतला, तर सुपारीतला वाटा त्याच्या हातात ठेवा. किती, ते बसून ठरवा. पण 'आपलाच माणूस आहे' म्हणून फुकट घ्यायचं बंद करा. आपलाच माणूस आपल्याला फुकटात पडतो, हे मुकादमाने आम्हाला फार शिकवलंय.

चार. स्वतःचं करणाऱ्याने आधी दुसऱ्यांचं भरपूर वाजवावं. पब्लिक कुठं दमतं, कुठं खुलतं ते टेम्पोवरून बघावं. फक्त स्वतःचंच वाजवायचं म्हणणाऱ्याला मी विचारीन, बाबा, दुसऱ्यांचं ऐकायला तू कधी बसणार?

आता निकाल. दोघंही ऐका.

पुढच्या एप्रिलला हा लोकलच्या रुळांचा ट्रॅक वाजणार. पण ज्याने केला तो वाजवणार नाही. तू गर्दीत उभा राहा, लोकांच्या पायांकडं बघ, काय चुकलं ते स्वतः शोध. तो ट्रॅक हा पहिला वाजवेल, हा 'वाढपी'. गर्दी कशी वळवायची ते याला माहीत आहे. आधी एक ओळखीचं गाणं, मग हा ट्रॅक, मग पुन्हा ओळखीचं. पोरं चहाला गेली तर जाऊ देत. चहा प्यायला कितीसा वेळ लागतो? परत आली की पुन्हा लाव. चार वेळा. आणि लावण्याआधी माइकवर ज्याने केला त्याचं पूर्ण नाव घे, बापाच्या नावासकट.

मंडळाचा कार्यकर्ता टेम्पोवर चढायला लागला, तर खाली मी उभा आहे. पन्नास किलोची गोण मी रोज उचलतो. तो काही तेवढा जड नाही.

जयभीम.